शाळा सुटल्यानंतरचे तीन तास

2019 मध्ये, पावसाने ओढ दिलेली असताना, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मुकुंदवाडीतल्या मुलांची बातमी देशाबाहेरच्या वर्तमानपत्रांतही छापून आली होती. शाळा सुटली की नऊ-दहा वर्षांची ही मुलं रिकामे कॅन आणि कळश्या घेऊन रेल्वेत चढत, औरंगाबाद स्टेशनवर उतरून तिथल्या नळावर पाणी भरत आणि परतीच्या गाडीने घरी येत. जाऊन-येऊन सुमारे 14 किलोमीटर. बातमी पाणीटंचाईची होती आणि ती तशीच वाचली गेली. वस्तीत मुलांसाठी संध्याकाळचं केंद्र चालवू पाहणाऱ्याने मात्र ती आणखी एका अंगाने वाचायला हवी. ‘शाळेनंतरच्या रिकाम्या वेळेचा सदुपयोग’ हे वाक्य अशा केंद्राच्या जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात पहिल्याच पानावर असतं. वस्तीतल्या मुलांचा हा वेळ रिकामा नसतो. त्यावर घराने आधीच हक्क सांगितलेला असतो, आणि केंद्राला तो वेळ घराकडून मागून घ्यावा लागतो.

छत्रपती संभाजीनगरात हे फार ठळकपणे दिसतं. शहराला पाणी जायकवाडीहून येतं, पैठण जेमतेम पन्नास किलोमीटरवर, तरी नळाला रोज पाणी नाही. कित्येक भागांत ते अनेक दिवसांच्या अंतराने येतं आणि कधी येईल याचा नेमही नसतो. ज्या दिवशी गल्लीत पाणी येतं त्या दिवशी केंद्राचा हजेरीपट उघडून पाहावा. मुलांच्या बाजूला नेहमीसारख्या खुणा, मुलींच्या बाजूला ओळीने रिकामे चौकोन. एखादी येते तीही साडेसहाला, फ्रॉकची किनार ओली, आणि दहा मिनिटांत तिला बोलावणं येतं. महिन्याच्या अहवालात ही मुलगी ‘अनियमित’ ठरते. खरं तर ती अत्यंत नियमित आहे, फक्त घराच्या वेळापत्रकाशी.

पाण्याशिवायही बरंच काही असतं. आई चार घरची धुणीभांडी आटोपून येईपर्यंत धाकट्याला सांभाळायचं, कुकर लावायचा, वडिलांच्या भाजीच्या गाड्यावर उभं राहायचं. किराडपुरा, कटकट गेट, बायजीपुऱ्याकडच्या मुलांचा शाळेनंतरचा तास-दीड तास मकतबमध्ये, म्हणजे धार्मिक शिक्षणाच्या वर्गात, जातो. रमजानमध्ये तर संध्याकाळचं सगळं गणितच बदलतं. एप्रिल उजाडला की भीमनगर-भावसिंगपुऱ्यात आंबेडकर जयंतीची तयारी, भाद्रपदाच्या आधी सिडकोतल्या गल्ल्यांत लेझीम. कायद्यानेही या वेळेची दखल घेतलेली आहे. 2016 मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती होऊन 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुलांनी घरच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात हातभार लावायला मुभा राहिली. म्हणजे ज्या तीन तासांत आपण गणित आणि वाचन शिकवू म्हणतो, त्याच तीन तासांत दुकानावर बसणं कायद्याला चालतं.

घराच्या या हक्काची किंमत किती असते, हे एका गाजलेल्या प्रयोगातून कळतं. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 2005-06 च्या सुमारास ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेने गावातल्या स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची पद्धत शिकवली आणि त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग घेतले. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं. जी मुलं वर्गाला आली त्यांची प्रगती विलक्षण होती. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशी मुलं अक्षरं वाचू लागली. पण गावातल्या एकूण मुलांपैकी वर्गाला आली किती? शंभरात आठ. पद्धत उत्तम, शिकवणारे तळमळीचे, आणि तरीही 92 मुलं उंबऱ्याच्या आतच राहिली. अमेरिकेत शाळेनंतरच्या केंद्रांसाठी 1994 पासून केंद्र सरकारची स्वतंत्र अनुदान योजना आहे. 2002 पर्यंत तिची वर्षाची तरतूद 100 कोटी डॉलरवर गेली. तिचं पहिलं मोठं मूल्यमापन झालं तेव्हा अभ्यासातल्या प्रगतीत फारसा फरक सापडला नाही, आणि मुलं केंद्रात फार कमी दिवस येत होती हेही त्याच अहवालांत दिसलं. मुलांना केंद्रापर्यंत आणणं आणि तिथं टिकवणं हे शिकवण्याइतकंच कठीण काम आहे. ते ज्याच्या गळ्यात पडतं तो समन्वयक, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत को-ऑर्डिनेटर.

महाराष्ट्राला संध्याकाळी मुलांना एकत्र आणण्याची परंपरा नवी नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा 1941 पासून भरत आल्या. साने गुरुजींच्या नावाची कथामाला 1951 मध्ये सुरू झाली. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी 1962 मध्ये उभी राहिली ती शाळा म्हणून नव्हे. शाळेबाहेरच्या वेळात बुद्धिमान मुलांसाठी चालणारा उपक्रम हेच तिचं पहिलं रूप होतं, शाळा नंतर आली. पुण्याच्याच पूर्व भागातल्या वस्त्यांत किशाभाऊ पटवर्धनांनी 1979 मध्ये स्व-रूपवर्धिनी सुरू केली, तीही संध्याकाळच्या शाखांमधून. मुंबईत 1988 मध्ये डोअर स्टेप स्कूल आलं, 1991 मध्ये आकांक्षा, 1995 मध्ये प्रथम. संभाजीनगरात 1989 मध्ये डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू करणाऱ्या डॉक्टरांच्या प्रेरणेने सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळाचं वस्त्यांमधलं काम वाढत गेलं. या यादीत मध्येच कुठेतरी एक बदल झाला आहे. आधीची कामं कार्यकर्त्याच्या स्वतःच्या वेळेवर चालत. तो नोकरी करून, जेवण उरकून शाखेवर यायचा. नंतरची कामं अनुदानावर, मानधनावर चालू लागली.

या बदलाबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला तो स्वागतार्ह वाटतो. फुकट वेळ देणं ज्याला परवडतं त्याच्याकडे घर चालवणारं दुसरं कुणीतरी असतं. मिसारवाडीतली बारावी झालेली मुलगी, जिचं लग्न करून टाकावं की हिला कुठे चिकटवावं यावर घरात चर्चा चालू आहे, ती महिन्याला चार पैसे घरात आणते म्हणूनच रोज संध्याकाळी पाच ते आठ घराबाहेर राहू शकते. तिचं मानधन हे तिच्या स्वातंत्र्याचं भाडं आहे. आणि मुलांसाठी ती शहरातून येणाऱ्या कुठल्याही सुशिक्षित स्वयंसेवकापेक्षा मोलाची असते, कारण तिला प्रत्येक दार माहीत असतं. मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 या काळात ‘बालसखी’ उपक्रमाचं जे मूल्यमापन झालं, त्यात अशाच मुलींच्या कामाचा परिणाम तपासला गेला. मागे पडलेल्या मुलांना वर्गातून दोन तास वेगळं बसवून शिकवणाऱ्या या बालसखी म्हणजे वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या, महिना पाचशे-साडेसातशे रुपये मिळणाऱ्या मुली होत्या. मुलांच्या शिकण्यात स्पष्ट वाढ दिसली आणि दुसऱ्या वर्षी ती पहिल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट होती.

समन्वयकाचं पहिलं काम त्यामुळे शिकवण्याचं नसतं, वेळ शोधण्याचं असतं. वस्तीत दारोदार जाऊन प्रत्येक मुलाची शाळा कोणत्या पाळीत, घरी कोण असतं, पाणी कधी येतं, मकतब किती वाजता सुटतं, आई कधी परतते हे टिपून घ्यावं लागतं. सकाळच्या पाळीतलं मूल दुपारी साडेबाराला मोकळं, दुपारच्या पाळीतलं साडेपाचला. त्यात 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा आदेश आल्यावर दोन पाळ्यांच्या बऱ्याच शाळांची वेळापत्रकं हलली आणि त्यांच्या मागोमाग केंद्रांचीही. ही माहिती हातात आली की लक्षात येतं, सहा ते आठ अशी एकच वेळ सगळ्यांना चालणार नाही. कुठे दुपारी एकचा गट बसवावा लागतो, कुठे मुलींचा गट साडेचारला घेऊन अंधार पडायच्या आत घरी सोडावा लागतो. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच ठरवून टाकावा. त्या भावंडांसाठी कोपऱ्यात एक सतरंजी आणि थोडी खेळणी ठेवली की मुलींची हजेरी सुधारते. अनेक केंद्रांनी केलेला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च आहे. प्रस्तावाच्या छापील तक्त्यात त्यासाठी रकानाच नसतो, म्हणून तो ‘शैक्षणिक साहित्य’ या हेडखाली लिहिला जातो.

आता पैशाकडे येऊ.

भारतात अशा कामाला पैसा मुख्यतः चार वाटांनी येतो: सरकारी योजना, परदेशी देणग्या, देशातल्या प्रतिष्ठानांचं अर्थसाहाय्य आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर. संभाजीनगरात शेवटची वाट विशेष महत्त्वाची, कारण हे शहर चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींच्या कुशीत वाढलं. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे लहान-मोठे असंख्य कारखाने उभे राहिले. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांच्या वर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू झालं. पैसा घेणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कलम 8 खालची कंपनी असावी लागते, आयकराची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं लागतात आणि 2021 पासून सीएसआर-1 हा फॉर्म भरून क्रमांकही घ्यावा लागतो. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एका शाखेतच उतरतो आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. मोठ्या संस्थेने परदेशी अनुदान आणायचं आणि वस्तीतल्या छोट्या मंडळाला त्यातून वाटा द्यायचा, ही जुनी सोय त्या दुरुस्तीने संपली.

कागदपत्रं जमवणं किचकट असलं तरी एकदा केलं की होतं. दरवर्षी नव्याने छळते ती तारखांची गोष्ट. पैशाचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, शाळेचं जूनमध्ये. कंपनीच्या सीएसआर समितीने वार्षिक आराखडा करायचा, संचालक मंडळाने तो मंजूर करायचा, मग करारनामा, मग पहिला हप्ता. हे सगळं होईपर्यंत सहज ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. आणि मुलांच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत नाजूक काळ असतो जून ते ऑगस्ट. चौथीतून पाचवीत, सातवीतून आठवीत जाताना शाळा बदलते. आठवीपर्यंत मोफत शिक्षणाच्या कायद्याचं कवच असतं, 14 वर्षांनंतर ते संपतं. नववीत नाव घालायचं की नाही हा निर्णय घरात याच महिन्यांत होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात 22 टक्क्यांच्या आसपास आढळलं, आणि परभणी, बीडमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. ज्या महिन्यांत केंद्रावर शिकवणाऱ्या ताईने दारात जाऊन ‘हिला नववीला पाठवा’ असं सांगायला हवं, नेमक्या त्याच महिन्यांत ताईला मानधन नसतं आणि केंद्राला कुलूप असतं.

याच्या उलट टोकाला मार्च. अनुदान उशिरा आलेलं असतं, आर्थिक वर्ष संपण्याआधी ते खर्ची पडायला हवं असतं, आणि मुलं परीक्षेच्या तोंडावर असतात. मग घाईघाईत शिबिरं, दप्तरवाटप, टी-शर्ट, एक मोठा समारोप. मुलांना त्या आठवड्यात हवी असते शांत खोली आणि न समजलेलं गणित समजावणारं कुणीतरी. दिवाळीनंतर आणखी एक गळती असते: मराठवाड्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुलं मागे राहावीत म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शहराच्या कडेच्या वस्त्यांत असं कुटुंब असेल तर समन्वयकाला ते ऑक्टोबरच्या आधी माहीत असावं. नोव्हेंबरात कळून उपयोग नाही.

या विसंगतीवर कायद्यातच थोडी वाट आहे आणि ती अनेक छोट्या संस्थांना ठाऊक नसते. 2021 च्या सुधारित नियमांनुसार प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर झाला, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं तो चालू शकतो. त्यातली न खर्चलेली रक्कम कंपनीने 30 एप्रिलच्या आत एका वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर वापरायची. मार्चच्या घाईचं कारणच मग उरत नाही. एक वर्षाचा, 31 मार्चला संपणारा प्रकल्प मान्य करण्याआधी समन्वयकाने हा मुद्दा कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर नक्की मांडावा. त्यांच्यासाठीही तो सोयीचा असतो.

दुसरा मुद्दा बजेटच्या रकान्यांचा. हिशेब समजावा म्हणून एक काल्पनिक केंद्र घेऊ. 30 मुलं, एक खोली, एक ताई. ताईचं मानधन महिना 6,000 रुपये, खोलीचं भाडं 3,000. खाऊ म्हणून चिक्की, फुटाणे किंवा केळं, मुलामागे रोज 8 रुपये, 22 दिवस: 5,280. वह्या, खडू, पुस्तकं यांचे 1,200. बेरीज 15,480. अशा पाच केंद्रांना मिळून एक समन्वयक, 22,000 रुपये. एका केंद्राच्या वाट्याला 4,400. एकूण 19,880, म्हणजे मुलामागे महिन्याला 663 रुपये. फंडर हा तक्ता वाचतो तेव्हा त्याची पेन्सिल पहिल्यांदा जाते त्या 4,400 वर. ‘हा प्रशासकीय खर्च झाला, आमच्याकडे पाच टक्क्यांची मर्यादा आहे.’ पाच टक्क्यांची मर्यादा खरी आहे, पण ती कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यावर करायच्या सर्वसाधारण खर्चाची. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्या व्याख्येतून नियमानेच वगळला आहे. समन्वयक नेमका हेच करतो. त्याला ‘प्रशासन’ या हेडखाली टाकणं ही बजेट लिहितानाची चूक असते, आणि पुढे वर्षभर ती निस्तरावी लागते. त्याचं पद ‘प्रकल्प अंमलबजावणी व देखरेख’ या शीर्षाखाली, कामाच्या वर्णनासह लिहावं. बावीस टक्के वाचवण्यासाठी हे पद कापलं तर पाच खोल्या, पाच ताया आणि दीडशे मुलं उरतात, आणि कुठली खोली आज का बंद आहे हे सांगणारं कुणीच उरत नाही.

कारण समन्वयकाचा दिवस बहुतेक अशाच गोष्टींत जातो. समाजमंदिराची किल्ली ज्याच्याकडे आहे तो गावाला गेला. घरमालक भाड्याची पावती द्यायला तयार नाही, आणि पावतीशिवाय व्हाउचर ऑडिटमध्ये टिकत नाही. मग करारपत्र करून भाडं बँकेतून द्यायचं, त्यासाठी त्याचं खातं, पॅन कार्ड, दोन फेऱ्या. केळेवाला बिल देत नाही, तेव्हा छापील व्हाउचरवर तारीख, नग, दर, त्याची सही आणि ताईची सही. तिमाही अहवाल, फोटो, प्रत्येक हप्त्यानंतर खर्चाचा ताळमेळ आणि वर्षाअखेर सनदी लेखापालाच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात. यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. एका हेडमधली रक्कम दुसऱ्या हेडमध्ये वळवायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी, नंतर नाही. हे कंटाळवाणं वाटेल. पण ताईला दर महिन्याच्या सात तारखेला मानधन मिळणं याच कागदांवर अवलंबून असतं, आणि ते वेळेवर मिळालं तरच ती टिकते. ताई बदलली की मुलं तुटतात. नव्या ताईला ती दारं पुन्हा ओळखावी लागतात.

मुलींच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेवर तडजोड नसावी. पोक्सो कायदा 2012 चा आहे. त्यानुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हाही गुन्हा आहे, हे प्रत्येक ताई-दादाला नेमणुकीच्या दिवशीच समजावून सांगावं. नेमणुकीआधी पोलीस पडताळणी, खोलीचं दार उघडं, एका मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत न थांबणं, मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही न टाकणं. फंडरच्या व्हिजिटच्या दिवशी मुलांना रांगेत उभं करून स्वागतगीत म्हणायला लावू नये, असंही मी यात धरतो. पाहुण्यांनी यावं, सतरंजीवर बसावं आणि चालू असलेला तास पाहावा.

मग मोजायचं काय? अहवालात बहुतेकदा लाभार्थींची संख्या मागितली जाते. नाव नोंदवलेली दीडशे मुलं हा आकडा सोपा, पण त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी प्रामाणिकपणे मोजल्या तरी पुरे. एक, महिन्यात निम्म्याहून अधिक दिवस आलेली मुलं किती, मुली आणि मुलगे वेगळे. दुसरी, वाचनाची पातळी. ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीत 2005 पासून वापरलं जाणारं साधन एका कागदावर मावतं: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ताईने मुलाला शेजारी बसवायचं, परिच्छेद वाचायला द्यायचा. तो अडखळला तर शब्द, शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. सहज वाचला तर गोष्ट. पाच मिनिटांत कळतं. सातवीतला मुलगा ‘गोष्ट’ सोडून ‘शब्द’ या पायरीवर थांबतो तेव्हा तो ताईच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि ताईने त्या क्षणी काही न बोलता पान उलटायला शिकलेलं असावं लागतं. या पायऱ्यांप्रमाणे गट बसवायचे, इयत्तेप्रमाणे नाही. केंद्राचा सगळा अभ्यासक्रम मुळात एवढाच आहे. बाकी खेळ, चित्रं, गाणी, विज्ञानाचे प्रयोग. त्यासाठी एमजीएमचं डॉ. कलाम खगोल-अंतराळ विज्ञान केंद्र किंवा वेरूळची लेणी एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर आहेत, आणि वस्तीतल्या पुष्कळ मुलांनी ती पाहिलेली नसतात.

अनुदान कधीतरी संपतं. तीन-चार वर्षांनी कंपनीचं धोरण बदलतं, अधिकारी बदलतो, नवा विषय येतो. त्यानंतर काय उरू शकतं, याचं एक उदाहरण याच शहरात आहे. जानेवारी 2021 मध्ये, करोनामुळे शाळा बंद असताना, पुस्तकविक्रेते मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांच्या पुढाकाराने ‘मरियम मिर्झा मोहल्ला बाल वाचनालय’ सुरू झालं. नाव त्यांच्या शाळकरी मुलीचं, सुरुवात तिच्याच संग्रहातल्या पुस्तकांनी. रीड अँड लीड फाउंडेशनच्या माध्यमातून शहरातल्या मोहल्ल्यांत अशी वाचनालयं वाढत जाऊन तिसांवर गेली. खर्च थोडा, जागा लोकांनी दिलेली, चालवायला मुलंच पुढे. ज्याला वाचता येतं त्या मुलासाठी हे फार मोठं दार आहे, आणि ते अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून नाही. ज्याला सातवीतही शब्दच वाचता येतात त्याला मात्र पुस्तकांच्या आधी ताई लागते, रोज, अनेक महिने. म्हणून अनुदानाचा काळ असेल तेव्हा पैसा ताईवर आणि समन्वयकावर घालावा. पुस्तकं, जागा, खेळाचं सामान वस्तीतून आणि शहरातून मागून मिळतं.

राहिला जून ते ऑगस्टचा खड्डा. वरच्याच काल्पनिक हिशेबाने एका केंद्राची ताई आणि खोली तीन महिने चालू ठेवायला 27,000 रुपये लागतात. पाच केंद्रं आणि समन्वयक धरून दोन लाखांच्या आसपास. सीएसआरच्या मर्यादेत न येणारे शेकडो छोटे उद्योग वाळूज आणि चिकलठाण्यात आहेत, त्यांच्यावर कायद्याची सक्ती नाही. पण मसिआ आणि सीएमआयएसारख्या त्यांच्या संघटना याच शहरात आहेत, बैठका नियमित होतात, आणि एका केंद्राचे तीन महिने ही रक्कम एका वर्कशॉपच्या मालकाला 80जी पावतीवर देता येण्याजोगी असते. त्यांच्याकडे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावं. वर्षअखेरीची गडबड ओसरलेली असते, मोठ्या कंपन्यांचे आराखडे अजून कागदावर असतात आणि शाळा उघडायला दोन महिने बाकी असतात. जाताना सोबत मागच्या वर्षीचं यूसी, पाच खोल्यांचे पत्ते आणि यंदा आठवी पास होऊन नववीत जाणाऱ्या मुलींची संख्या न्यावी.